पाकटाचीं पिलें

शनिवार पेठेंतील ज्या घरांत आमची बहुतेक हयात गेली, त्या घराचा उंबरठा ओलांडून मासा कधीं आंत आला नाहीं. अशा घरांतील माणसानें समुद्राच्या तळाशीं राहणाऱ्या माशांविषयीं लिहावें, हें पाहून आमच्या कित्येक वाचकांस हंसूं येईल, आणि कांहीं वाचक-भगिनी नाकास पदरही लावतील. त्या सर्वांची क्षमा मागून आम्ही लिहीत आहों. या माशांचें आम्ही एक जुनें देणें लागतों. आणि साठी उलटल्यावर माणसानें देणीं फार काळ अंगावर ठेवूं नयेत.

मॅट्रिक झाल्यावर आम्हीं पाठशाळेंत संस्कृताचें अध्ययन केलें व पुढें शिक्षकी पेशा पत्करला. उमेदवारीचीं पहिलीं तीन वर्षें रत्नागिरी जिल्ह्यांत, समुद्रकांठच्या एका लहानशा शाळेंत गेलीं. तेथें एके दिवशीं अमरकोशाच्या पहिल्या कांडांतील वारिवर्ग आम्हीं शिकवावयास घेतला. मत्स्य, मीन, झष या शब्दांच्या जोडीस अमरसिंहानें 'अण्डज' हाही शब्द माशाच्या अर्थीं दिला आहे. त्याची फोड करून आम्हीं मोठ्या ऐटीनें सांगितलें, "अंड्यापासून जन्मतो तो अण्डज. सर्व मासे अंडीं घालतात, म्हणून हें नांव." तोंच मागल्या बांकावरून एका कोळ्याच्या मुलानें हात वर केला.

"गुरुजी, पाकट नाय अंडी घालत. त्याला पिल्लं होतात."

"तुला हें कोणीं सांगितलें?"

"माझ्या आयेनं. ती कापते तेव्हा पोटातनं पिल्लं निघतात. मी पण बघितलीत."

वर्गांत हंशा पिकला. तो हंशा आमच्यावर आहे कीं त्याच्यावर, हें ठरविण्याइतका धीर त्या वयांत आम्हांस नव्हता. "अमरसिंहाहून तुझी आई शहाणी काय रे?" असें विचारून आम्हीं त्यास तास संपेपर्यंत बांकावर उभें केलें. तो रडला नाहीं, कीं उलट बोलला नाहीं. मात्र पुढें वर्षभर त्याचा हात पुन्हां वर झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. खरें सांगावयाचें तर, तो वर होत नाहीं हें त्या वेळीं आमच्या ध्यानांतही आलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमची नात परीक्षेचा अभ्यास करीत होती. ती प्राणिशास्त्र शिकते. पाठ झालेलें तपासून घेण्यासाठीं तिनें आपली वही आमच्या हातीं दिली. तींत 'पाकट जिवंत पिलांस जन्म देतात' असें एक वाक्य आढळलें. आम्हीं चष्मा पुसला व जुन्या संवयीनें म्हटलें, "हें चुकलें आहे. मासा अण्डज."

"आजोबा, चुकलेलं नाही. अंडी घालतात ते स्केट. पाकट नाही."

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं अप्पा बळवंत चौकांत जाऊन प्राणिशास्त्राचें एक पुस्तक आणलें, कांहीं नातीनें वाचून दाखविलें, आणि साऱ्या पावसाळ्यांत आम्ही हा एकच विषय घेऊन बसलों. त्यांतून जें कळलें, तें थोडक्यांत असें.

ज्यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्यांत असतो तशा लवचिक पदार्थाचा असतो, अशा माशांचें एक मोठें कूळ आहे. त्यांत मुशी एकीकडे, आणि अंगानें चपटे असे पाकट व त्यांचे भाऊबंद दुसरीकडे. या चपट्या भाऊबंदांच्या सहाशेंहून अधिक जाती ठाऊक झाल्या असून शास्त्रज्ञ त्यांचे चार गण करतात. शेपटीवर विषारी कांटा बाळगणारे पाकट हा एक गण. अंगांत वीज असलेले मासे हा दुसरा. करवत मासा व त्याचे सोयरे हा तिसरा. आणि स्केट हा चौथा. पहिले तिन्ही गण जिवंत पिलांस जन्म देतात. पाकटाची मादी तर पोटांतल्या पोटांत पिलांस दुधासारखा रस पाजून वाढविते. चौघांत अंडीं घालणारा गण एकच, तो स्केटांचा. आणि त्यांच्या जातीही थोड्याथोडक्या नव्हेत, जवळजवळ तीनशें आहेत.

दोहोंची ओळख पटविणें अवघड नाहीं. पाकटाची शेपटी चाबकासारखी निमुळती, आणि तिच्यावर दांतेरी कांटा. स्केटाची शेपटी त्या मानानें जाड. तिच्यावर विषारी कांटा नाहीं. टोंकाजवळ दोन लहान पर, आणि पाठीवर खडबडीत काटेरी कण. स्केटाच्या पोटाखालील परांचे दोन दोन भाग पडलेले असतात, आणि त्यांच्या आधारें तो तळावर पाउलें टाकीत चालल्यासारखा सरकतो.

हा भेद थोरांसही एकदम उमगला नाहीं. स्वीडनचा लिनीअस हा वर्गीकरणशास्त्राचा पाणिनि म्हणावयास हरकत नाहीं. त्यानें १७५८ सालीं स्केट, पाकट आणि वीज-मासा या सर्वांस 'राजा' या एकाच नांवाखालीं घातलें, आणि त्यांस माशांतही न मोजतां बेडूक-सर्पांच्या पंक्तीस बसविलें! 'राजा' हें नांव वाचून आम्हांस क्षणभर आनंद झाला, कीं येथें तरी संस्कृताचा मान राखला आहे. पण तो शब्द लॅटिन निघाला. सिंहासनाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. आज तें नांव स्केटांच्या एका प्रजातीपुरतेंच उरलें आहे. लिनीअसही चुकला, या विचारानें आम्हांस थोडें समाधान वाटलें. परंतु त्यानें त्यापायीं कोणा मुलास बांकावर उभें केल्याचें ऐकिवांत नाहीं.

आतां कोणी विचारील, ज्या स्केटांमुळें 'अण्डज' शब्दाची लाज राहते, ते कोंकणच्या बाजारांत कां दिसत नाहींत? त्याचें कारण पाण्याच्या थंडाव्यांत आहे. बहुतेक स्केटांस थंड पाणी लागतें. इंग्लंडच्या बाजूस समुद्र मुळांतच थंड, म्हणून तेथें ते उथळ पाण्यांतही राहतात. आमच्या अरबी समुद्राचें वरचें पाणी उबदार. पण हजार मीटर खालीं गेलें कीं तेंच दहा अंशांच्याही आंत उतरतें. उत्तरेचा माणूस जो थंडावा बर्फाच्या दिशेस जाऊन मिळवील, तो आमच्या बाजूचे स्केट खालीं उतरून मिळवितात. त्यांच्या कांहीं जाती तर तीन हजार मीटरांहूनही खोल, जेथें सूर्याचा किरण कधींच पोंचत नाहीं, अशा ठिकाणीं नांदतात. मुंबईसमोरचा उथळ तळ फार आंतपर्यंत पसरलेला आहे. खोल पाणी त्याच्याही पलीकडे. तेव्हां त्या मुलाच्या आईच्या पाटीवर पाकट यावयाचा, स्केट नव्हे. तिनें जें पाहिलें, तें तिच्या समुद्राचें पूर्ण सत्य होतें.

आमच्या खोल समुद्रांतील स्केटांची पहिली ओळख जगास ज्या जहाजानें करून दिली, तें आपल्या मुंबईच्या गोदींत बांधलेलें होतें. 'इन्व्हेस्टिगेटर' हें त्याचें नांव. १८८१ सालीं तें पाण्यांत उतरलें. समुद्राची मोजणी हें त्याचें मुख्य काम. पण त्यावर एक डॉक्टर निसर्गाभ्यासासाठीं नेमलेला असे. आल्फ्रेड अल्कॉक हा त्यांपैकीं एक. जाळ्यांत वर आलेले विचित्र जीव तो मद्यार्कांत घालून ठेवी व त्यांचीं वर्णनें लिही. बंगालच्या उपसागरांतील एका स्केटाचें वर्णन त्यानें १८८९ सालीं, आणि त्रावणकोरच्या किनाऱ्यासमोरील दुसऱ्या एकाचें १८९९ सालीं प्रसिद्ध केलें. या दुसऱ्यास आजही 'त्रावणकोर स्केट' म्हणतात, आणि केरळांत खोल पाण्यांतील कोळंबीसाठीं टाकलेल्या जाळ्यांत तो मधून मधून सांपडतो. पुढें १९०६ सालीं लॉइड यानें बलुचिस्तानच्या बाजूस, सुमारें दीड हजार मीटर खोलीवर मिळालेल्या आणखी एका जातीचें वर्णन केलें. हीं वर्णनें वाचतांना आम्हांस एक गोष्ट पुन्हां पुन्हां जाणवली. या मंडळींनीं आधीं मासा हातीं घेतला, आणि मग त्यास नांव दिलें. आम्हीं आधीं नांव घेतलें, आणि मासा हातीं घेतलाच नाहीं.

स्केटाचें अंडें कोंबडीच्या अंड्यासारखें नसतें. चारी कोंपऱ्यांस शिंगें फुटलेली चामड्याची चपटी थैली डोळ्यांपुढें आणावी. तींत पिलू वाढतें. थंड पाण्यांत ही वाढ इतकी सावकाश होते, कीं अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रांतील एका जातीचें पिलू थैलींतून बाहेर पडावयास सुमारें साडेतीन वर्षें लागतात. २०१५ सालीं गालापागोस बेटांजवळ संशोधकांस साडेसोळाशें मीटरांहून खोल तळावर, जेथें भूगर्भांतील ऊन पाणी बाहेर फुटतें त्या झऱ्यांच्या आसपास, अशा १५७ थैल्या आढळल्या. बहुतेक थैल्या भोंवतालच्या पाण्याहून किंचित् उबदार जागीं होत्या. अंडीं लवकर उबावीं म्हणून ती मासोळी पृथ्वीच्या चुलीची ऊब शोधीत येते, असा त्यावरून तर्क करण्यांत आला. आमच्या घरांत नातीनें हें वाचून दाखविलें, तेव्हां तिची आजी निवडीत असलेल्या तांदळांचें सूप तसेंच धरून ऐकत राहिली.

आतां मुख्य गोष्ट. अमरसिंहाची यांत कांहीं चूक आहे असें आम्हांस वाटत नाहीं. कोशकारानें शब्द दिला; शब्दास रूढि असते, आणि तो प्रत्येक व्यक्तीस तंतोतंत लागू पडेलच असा कोणी करार केलेला नसतो. चूक आमची. आम्हीं शब्दाचा अर्थ सांगावयाचा, तो सोडून शब्दावरून माशास नियम घालून दिला.

न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार साधनें सांगितलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. तीं आम्हांस विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत आहेत. त्या दिवशीं आम्हांस वाटलें, कीं शब्दप्रमाण आमच्या बाजूस आहे. वस्तुतः शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा; आणि आप्त म्हणजे ज्यानें वस्तु साक्षात् जाणली आहे व जशी जाणली तशी सांगण्याची ज्यास इच्छा आहे, असा मनुष्य. वात्स्यायनाचें भाष्य तर पुढें जाऊन सांगतें, कीं हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू आहे; जन्म त्याच्या आड येत नाहीं. तें भाष्य आम्हीं त्यापूर्वींच दोन वेळां वाचलें होतें. पाकटाच्या बाबतींत त्या वर्गांत आप्त एकच होती, आणि ती वर्गाबाहेर, बंदरावर, कोयता घेऊन बसली होती. तिच्या मुलानें आप्तवचन व प्रत्यक्ष अशीं दोन प्रमाणें एका दमांत सांगितलीं. आमच्यापाशीं एकही नव्हतें. होती ती फक्त खुर्ची.

दिवाळीनंतर आम्हीं त्या शाळेस पत्र लिहिलें. तेथील सध्यांच्या मुख्याध्यापकांनीं जुनीं हजेरीपत्रकें काढून आस्थेनें कळविलें, कीं त्या मुलानें आठवीनंतर शाळा सोडली. तो आतां दुसऱ्या बंदरांतील एका ट्रॉलरवर आहे. शाळा सोडण्यास त्याच्या घरीं दुसरीं कारणें असतील; परंतु आमचें कारण त्यांत मुळींच नव्हतें, असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं. मिळाला त्या पत्त्यावर आम्हीं त्यासही लिहिलें, कीं पाकटाविषयीं तूं म्हणालास तें बरोबर होतें, आणि तुझी आई त्या विषयांत आमच्याहून शहाणी होती. उत्तर आलेलें नाहीं. तें यावें असा आमचा हक्कही नाहीं.

संध्याकाळीं वाड्यांतलीं चार मुलें आमच्याकडे अमरकोश म्हणावयास येतात. वारिवर्गांत 'अण्डज' शब्द आला कीं आम्ही त्यांस थांबवितों आणि पाकटाची गोष्ट सांगतों. गोष्टींतले गुरुजी कोण होते, हेंही सांगतों. परवां त्यांतल्या सर्वांत धाकट्यानें हात वर केला व विचारलें, "आजोबा, मग तुम्ही त्याला खाली कधी बसवलं?"

आम्हीं म्हटलें, "बाळ, तास संपल्यावर." आणि पुढचा श्लोक त्यालाच म्हणावयास सांगितला.