मियाजिमा : समुद्रांत उभें असलेलें देवीस्थान

काशी, प्रयाग व गया या तीन क्षेत्रांची यात्रा केली म्हणजे त्रिस्थळी पुरी झाली, असें आपण मानतों. जपानी लोकांचीही एक त्रिस्थळी आहे; मात्र ती पुण्यसंचयापेक्षां सृष्टिसौंदर्याकरितां प्रसिद्ध आहे. उत्तरेकडील मात्सुशिमा, जपानच्या समुद्राकांठचें आमानोहाशिदाते आणि हिरोशिमानजीकच्या उपसागरांतील मियाजिमा हीं तीं तीन स्थळें. यांपैकीं मियाजिमाचें वर्णन येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे, तें केवळ त्याच्या शोभेमुळें नव्हे. या बेटावरील देवतेशीं आपल्या घरांतील पाटीपूजनाच्या देवतेचें जुनें नातें आहे, आणि तें सांगणारा कोणी भेटल्यावांचून सहजासहजीं लक्षांत येत नाहीं.

हिरोशिमाहून आगगाडीनें सुमारें अर्ध्या तासांत मियाजिमागुची स्थानक येतें. तेथून धक्का अगदीं जवळ असून बोट दहा मिनिटांत पैलतीरास लावते. ऑक्टोबर २०२३ पासून प्रत्येक पाहुण्याकडून शंभर येन कर घेण्यांत येतो. वर्षाकांठीं चाळीस लाखांहून अधिक माणसें या लहानशा बेटावर येतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कराचें कोणास नवल वाटूं नये. बेटाचें मूळ नांव इत्सुकुशिमा. मियाजिमा म्हणजे ‘देवळाचें बेट’.

येथें जाणाऱ्यानें पंचांगापेक्षां भरतीओहोटीचें कोष्टक आधीं पाहावें. या उपसागरांत पाणी मोठ्या उधाणाच्या दिवशीं चार मीटरपर्यंत चढतें व उतरतें, आणि त्यामुळें एकच देऊळ दिवसांतून दोन रूपें धारण करितें. आम्ही सकाळीं पोहोंचलों तेव्हां भरती होती. देवळाच्या ओवऱ्या, रंगमंच व पूल सर्व पाण्यावर तरंगत असल्याचा भास होत होता. दुपारीं पाहावें तों पाणी पार हटलेलें, आणि लहान मुलें चिखल तुडवीत थेट महाद्वाराच्या खांबांस हात लावून येत होतीं. शक्य असल्यास दोन्ही रूपें पाहावीं. घाईनें एकच पाहून परतणाऱ्यास निम्मेंच दर्शन घडलें असें समजावें.

हें महाद्वार म्हणजे जपानी भाषेंत ‘तोरी’. आपल्या ‘तोरण’ शब्दाशीं व सांचीच्या तोरणाशीं त्याचें साम्य कांहीं अभ्यासकांनीं दाखविलें आहे. सध्यांचें द्वार १८७५ सालीं उभारलेलें असून त्याची उंची सुमारें साडेसोळा मीटर व वजन सुमारें साठ टन आहे. मुख्य खांब कापराच्या झाडाचे प्रचंड बुंधे आहेत. विशेष असें कीं, हे खांब जमिनींत पुरलेले नाहींत! वरची आडवी तुळई आंतून पोकळ असून तींत मुठीएवढे दगड भरले आहेत, आणि त्या भारानेंच द्वार लाटांत स्थिर राहतें. खालीं चिखलांत लांकडी मेखा ठोकून पाया घट्ट केलेला आहे.

देवळाची स्थापना परंपरेनें इ. स. ५९३ मध्यें झाली असें सांगतात. त्यास आजचें भव्य रूप मात्र १२ व्या शतकांत, ११६८ च्या सुमारास, ताइरा नो कियोमोरी या सरदारानें दिलें. समुद्रांतच देऊळ कां बांधिलें? कारण सगळें बेटच देवस्वरूप मानलें जात होतें. त्याच्या भूमीवर कुदळ चालविणें हा अपराध झाला असता. ओवऱ्यांच्या जमिनीच्या फळ्यांत मुद्दाम फटी ठेवल्या आहेत. उधाणाचें पाणी त्या फटींतून वर येऊन जोर कमी करितें व फळ्या उखडल्या जात नाहींत. समुद्राशीं वैर न करितां त्यास वाट करून देण्याची ही युक्ति आम्हांस फार आवडली. कियोमोरीच्या घराण्यानें ११६४ सालीं सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या सोन्यारुप्यानें मढविलेल्या गुंडाळ्या देवीस अर्पण केल्या. त्या आजही जतन केलेल्या आहेत. परंतु तें घराणें ११८५ सालीं सागरी युद्धांत नामशेष झालें. दान राहिलें, दाते गेले.

आतां देवीविषयीं. मूळ शिंतो धर्माप्रमाणें येथें तीन समुद्रदेवतांची पूजा होते. त्यांतील इचिकिशिमा-हिमे हिलाच पुढें बौद्ध लोक ‘बेंझाइतेन’ म्हणूं लागले, आणि ही बेंझाइतेन म्हणजेच आपली सरस्वती. सुवर्णप्रभास सूत्राबरोबर ती चीनमार्गें जपानांत गेली. हातांतील वीणेच्या जागीं ‘बीवा’ नांवाचें तंतुवाद्य आलें. परंतु विद्या, वाणी, संगीत व जल यांवरील तिची सत्ता कायम राहिली. सरस्वती मुळांत नदीच होती, हें आठवलें म्हणजे ती समुद्रांत येऊन राहिली यांत आश्चर्य वाटत नाहीं.

शेंकडों वर्षें दोन्ही धर्मांची पूजा येथें एकत्र चालली होती. १८६८ सालीं मेइजी सरकारनें शिंतो व बौद्ध देवस्थानें निराळीं करण्याचा हुकूम काढिला आणि बेंझाइतेनची मूर्ति देवळांतून काढून शेजारच्या दाइगान-जी मठांत नेण्यांत आली. ती वर्षांतून एकदांच, १७ जून रोजीं, भाविकांस दिसते. पलीकडील टेकडीवरचा १४०७ सालचा पांचमजली पॅगोडा, आणि तोयोतोमी हिदेयोशीनें १५८७ मध्यें आरंभिलेला व त्याच्या मृत्यूमुळें अपुरा राहिलेला विशाल मंडप, यांच्याही बौद्ध मूर्ति तेव्हां हलविल्या गेल्या. एका कागदी हुकुमानें देवींचीं घरें बदलतात. पण यात्रेकरू पूर्वीप्रमाणेंच दोन्हींकडे हात जोडतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

सोंवळ्याओंवळ्याचे नियम आपल्याकडे कमी नाहींत. पण येथल्यांनीं आमच्या आजीबाईंसही मागें टाकिलें असतें. एके काळीं बेटावर जन्म व मृत्यु दोन्ही वर्ज्य होते. दिवस भरलेल्या स्त्रीस व अत्यवस्थ रोग्यास पैलतीरीं नेत. आजही बेटावर स्मशानभूमि नाहीं. १५५५ सालीं येथें मोठी लढाई झाली, तेव्हां विजयी मोरी मोतोनारी यानें रक्तानें विटाळलेली माती खणून नेवविली व देऊळ धुवविलें, असें सांगतात.

बेटाच्या मध्यभागीं मिसेन हा ५३५ मीटर उंचीचा डोंगर आहे. नवव्या शतकाच्या आरंभीं चीनहून परतलेल्या कोबो दाइशी या आचार्यानें येथें तप केलें व अग्नि प्रज्वलित केला. तो बाराशें वर्षें तेवत आहे अशी श्रद्धा आहे. अग्निहोत्र ठाऊक असलेल्या घरांतील माणसास धुरानें काळवंडलेली ती लहानशी कुटी पाहून परकें वाटत नाहीं. १९४५ च्या ऑगस्टमध्यें हिरोशिमा भस्मसात् झाली. तेथें १९६४ सालीं शांतिज्योत लाविली, तेव्हां या डोंगरावरील अग्नि तींत मिळविला गेला. जगांतील शेवटचें अण्वस्त्र नाहींसें होईपर्यंत ती ज्योत विझवावयाची नाहीं असा संकल्प आहे. ज्या अग्नीनें नगर जाळलें त्यास उत्तर देण्यास त्या लोकांनीं अग्नीचीच योजना केली!

शाकाहारी मंडळींस दोन शब्द सांगितले पाहिजेत. येथील कालवें प्रसिद्ध आहेत, त्यांचा आपणांस उपयोग नाहीं. शिवाय साध्या दिसणाऱ्या सारांतही बहुधा माशांचा अर्क असतो. मठांतील ‘शोजिन’ पद्धतीचें जेवण मात्र निरामिष असतें; तें मिळेल तेथें आधीं कळवून घ्यावें. मेपलच्या पानाच्या आकाराचे ‘मोमिजी मांजू’ लाल कडधान्याच्या गोड पुरणाचे असतात, पण बाहेरच्या आवरणांत अंडें असतें हें ध्यानांत ठेवावें. घरच्यांकरितां आणावयाची उत्तम वस्तु म्हणजे भात वाढण्याची लांकडी पळी. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका भिक्षूनें देवीच्या बीवेचा आकार पाहून ती घडविली व गरीब बेटकरांस धंदा लावून दिला. सरस्वतीच्या वाद्यांतून अन्नपूर्णेचें उपकरण निघालें! बाजारांत साडेसात मीटरांहून लांब अशी एक पळी प्रदर्शनार्थ ठेविली आहे. रस्त्यांत हरणें मोकळीं फिरतात. त्यांस खाऊं घालूं नये, आणि हातांतील कागद सांभाळावे, कारण तेही त्यांस वर्ज्य नाहींत.

महाद्वाराची मोठी दुरुस्ती २०१९ ते २०२२ पर्यंत चालली होती. किडलेला भाग काढून तेथें लांकूडच बसवावयाचें, असा तेथील रिवाज आहे. १९९१ च्या तुफानांत समुद्रावरील नाट्यमंच कोसळला, तोही पुन्हा जुन्याच पद्धतीनें उभा केला गेला. आपल्या कोंकणांतील कित्येक देवळांचे लांकडी सभामंडप काढून तेथें सिमेंट घालण्याची घाई झालेली आम्हीं पाहिली आहे. ज्या घरांतून देवस्थानचे विश्वस्त निवडले जातात, त्या घरांतील वडील मंडळींनीं असा ठराव करण्यापूर्वीं मियाजिमाच्या सुतारांचें काम एकदां आठवावें, एवढी आमची विनंति आहे.