पाऊस आणि झाडू

माझ्या एका जुन्या वहीत अशी नोंद आहे: ‘सागा म्हणजे पाऊस. सागा म्हणजे झाडूही. शब्दांची गरिबी.’ ही नोंद मी २०११ साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरात केली. पुढे ती एका दिवाळी अंकातल्या माझ्या लेखात छापून आली. त्या लेखाचं पुष्कळांनी कौतुक केलं. तो लेख चुकीचा होता.

मुलगी तिकडे नोकरीला, म्हणून मी कोकणातल्या भाट्याहून तीन महिने तिच्याकडे गेलो होतो. तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो होतो आणि भाषांची तुलना करायची हौस जुनी होती. खालच्या मजल्यावर बुर्किना फासोतल्या वागादुगूची एक बाई राहायची. तिची मातृभाषा मोसी लोकांची, ते लोक तिला मोरे म्हणतात. ती संध्याकाळी चहाला यायची. मी वहीत तीन रकाने आखले: मराठी, डच, मोसी.

डचचा रकाना भराभर भरला. नावाला ‘नाम’, आठला ‘आख्त’, दाताला ‘टांट’. पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं, हे कळलं तेव्हा तर मला घरी आल्यासारखं वाटलं. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती, तेही मी लेखात घातलं. ‘अननस’ दोन्हीकडे अननसच, म्हणून तो शब्द नात्याचा पुरावा म्हणून ठळक दिला.

अननस हा पुरावा नव्हताच. तो शब्द दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेचा. पोर्तुगीजांनी फळ नेलं तिथे नावही नेलं, आपल्याकडे आणि युरोपातही. खरं नातं वेगळ्याच ठिकाणी दिसतं: आपल्या ‘द’च्या जागी डचमध्ये ‘ट’ येतो. दोन आणि ट्वे, दहा आणि टीन, दात आणि टांट. असा फरक शब्दामागून शब्दात नेमाने दिसला, तर ते नातं. परीकथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिमने हे १८२२ साली नीट मांडलं होतं. मी शब्द सारखे दिसतात का एवढंच पाहत होतो. तसं पाहिलं तर ‘मोरे’ हे भाषेचं नाव आणि आपलं मोरे आडनावही सारखंच दिसतं, आणि त्यात नातं काहीच नाही.

पण ही चूक अज्ञानाची होती, तिने कुणी दुखावलं नाही. मोसीच्या रकान्यात मी जे केलं ते वेगळं होतं.

तिथे शब्द जुळेनात, म्हणून माझा उत्साह संपला. तिने कुत्र्याला ‘बागा’ सांगितलं, पुष्कळ कुत्र्यांना ‘बासे’. मोसी माणूस एक असला तर ‘मोआगा’, अनेक असले तर ‘मोसे’. शेवटचा ‘गा’ जाऊन ‘से’ येतो, हे तिने टेबलावर बोट आपटून दाखवलं. नामांचे असे गट त्या भाषेत आहेत आणि प्रत्येक गटाचे प्रत्यय ठरलेले आहेत. मराठीत मुलगा-मुलगे, घर-घरं शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. ‘सागा’ तिने दोनदा म्हटलं, दोन वेगळे अर्थ सांगितले, आणि मी तो एकच शब्द लिहून पुढे ‘गरिबी’ लिहिलं. लेखात तर ‘नियम न बनलेली भाषा’ असे शब्द घातले. बुर्किना फासोतली जवळपास निम्मी माणसं ती भाषा घरात बोलतात.

मुलीने तो लेख तिला इंग्रजीत समजावून सांगितला. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी मुलीच्या फोनवर तिने दोन शब्द रेकॉर्ड करून दिले, ते मला भाट्याला आले. सुरूबनात बसून मी ऐकले. दोन्ही मला एकच वाटले. आठव्या-नवव्या वेळी ऐकू आलं: एकात आवाज चढतो, दुसऱ्यात उतरतो. पाऊस आणि झाडू हे दोन निराळे शब्द होते. सूर हा त्या भाषेत अक्षराइतकाच शब्दाचा भाग. आपल्याकडे पंजाबीतही असा सूर आहे. माझ्या कानाला तो फरक ऐकायची सवय नव्हती आणि मी दोष भाषेला दिला. त्यानंतर ती मुलीकडे चहाला आली नाही.

ते रेकॉर्डिंग ऐकताना मला नोकरीच्या पहिल्या वर्षांतली एक निबंधाची वही आठवली. विषय समुद्र होता. खाडीकाठच्या मच्छीमार घरातल्या मुलाने लिहिलं होतं, ‘भांगात पानी चढत नाय, म्हनून होडी गाळात बसते.’ मी ‘पानी’वर, ‘नाय’वर, ‘म्हनून’वर लाल रेघा मारल्या. ‘भांग’भोवती गोल काढून प्रश्नचिन्ह दिलं. मला भांग म्हणजे केसातला किंवा प्यायची, एवढंच ठाऊक. अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते, तिला भांग म्हणतात, हे त्या मुलाला ठाऊक होतं. त्याच शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात ‘भांगाची भरती’ छापलेली होती. ते पुस्तक मी उघडलं नव्हतं. एका वाक्यात त्याने समुद्राचा नियम आणि त्याचा परिणाम सांगितला होता. पुढच्या निबंधांना त्याने पुस्तकातली वाक्यं उतरवून दिली. सगळी शुद्ध होती. त्यात समुद्र नव्हता.

त्या बाईला मी पत्र लिहिलं, मुलीने ते भाषांतर करून दिलं. उत्तर आलं नाही. दिवाळी अंकालाही दुरुस्ती पाठवली, ती पुढच्या वर्षी चार ओळींत छापली गेली.

तो मुलगा आता पन्नाशीला आला आहे, त्याची स्वतःची होडी आहे. गेल्या वर्षी भाट्ये पुलाजवळ भेटला, तेव्हा मी त्याला म्हटलं, तुझा तो निबंध बरोबर होता, मला भांग माहीत नव्हता. त्याला वही आठवत होती. मार्कही आठवत होते. दहापैकी तीन.