फवारणी आणि ओली चड्डी

आज बोंडअळीचं नाही, घरातलं लिहितोय. पुतण्याला विचारलं, तो म्हणाला, "लिहा काका, नाव तेवढं नका टाकू."

लग्नाला सहा वर्षं झाली, लेकरू नाही. सूनबाईला परळी, अंबाजोगाई, लातूर सगळीकडं फिरवलं. सोनोग्राफ्या, इंजेक्शनं, नवस. गड्याची तपासणी करा असं घरात कुणी बोललं नाही. मीही नाही. यंदा पोळ्यानंतर तो आपल्या मनानंच गेला. शुक्राणू फार कमी निघाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "फवारणी कोण करतं?"

तोच करतो, सोळाव्या वर्षापासून. सप्टेंबरात कपाशी कंबरेला लागते. आपण नोझल पुढं धरतो आन् आत्ताच फवारलेल्या पानांतून मांड्या घासत चालतो. त्यात टाकीचं झाकण गळतं, ओघळ पाठीवरून खाली उतरतो. दुपारपर्यंत चड्डी ओली. त्याच कपड्यावर भाकर, तंबाखू. ही पद्धत त्याला मीच शिकवली.

१९७१ चा एक अभ्यास आहे. माणसाच्या कातडीला पॅराथिऑन लावून किती आत जातं ते मोजलं. हातातून शंभरातले नऊएक भाग, अंडकोषाच्या कातडीतून जवळपास सगळं. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस त्याच गटातली. आपण तोंडाला रुमाल बांधतो आन् खालून भिजतो!

२०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली, ते सगळ्यांना दिसलं. हे दिसत नाही. १९९१ साली भारतातल्या कापूस फवारणाऱ्यांचा अभ्यास छापून आला. त्यांच्यात मूल होण्याचं प्रमाण कमी निघालं, बायकांचे गर्भपात जास्त. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०२२ ला हिशेब मांडला, तर १९७३ पासून शुक्राणूंचं प्रमाण निम्म्यावर आलेलं. ते सगळं औषधामुळंच, असं मी म्हणत नाही. तंबाखू, वजन, उष्णता, बरंच काही आहे. पण औषध आपल्या हातातलं आहे.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून डॉक्टरांनी तीन महिने पंपाला हात लावायचा नाही असं सांगितलं, मग परत तपासणी.

झाकणाचं वायसर बदललं, वीस रुपये लागले. दहा वर्षं बदललं नव्हतं. खताच्या गोणीतलं प्लास्टिक धुऊन कंबरेपासून गुडघ्यापर्यंत बांधतो. घाम लई येतो, चालायला अवघड जातं, पण चड्डी कोरडी राहते. वाऱ्याकडं पाठ करून मागं मागं सरकत फवारतो, म्हणजे ओल्या झाडातून जावं लागत नाही. एकराला अर्धा तास जास्त जातो. रोजानं येणाऱ्या गड्याला हे परवडत नाही, त्याला टाकीमागं पैसे मिळतात. त्याचा हिशेब बदलायला पाहिजे, आन् तो आपणच ठरवतो.

सूनबाईच्या माहेरी जाऊन आलो परवा. तिच्या आईसमोर सांगितलं की तपासणी आमच्या पोराची राहिली होती. बाई काही बोलली नाही, चहा ठेवला.

दुसरी तपासणी दिवाळीनंतर. तोवर पंप माझ्याकडं.