कागद

१९७२ च्या दुष्काळात बा गाव सोडून कल्याणला आला. दोन वर्षं नातलगांच्या ओट्यावर काढली. १९७४ साली एका चाळीत खोली मिळाली. डिपॉझिट २०० रुपये, भाडं २५. मालक म्हणला, "कागदबिगद कशाला? माणसाचा शब्द मोठा." बाला बरं वाटलं. गावात त्याला कुणी माणूस म्हणलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात आईनं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. चौथ्या दिवशी मालक दारात. "खोली खाली कर." बानं डिपॉझिट मागितलं. मालक म्हणला, "कसलं डिपॉझिट? कागद दाव."

२५ रुपये घेताना शब्द मोठा होता. २०० परत द्यायची वेळ आली तेव्हा कागद मोठा झाला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक होतं. पण हे बाला सांगणार कोण? गोधड्या आईच्या डोक्यावर, भांडी बाच्या खांद्यावर. मी सहा वर्षांचा. फोटो माझ्या हातात होता.

आज माझ्या नावावर दोन खोल्या आहेत. कर्ज फेडता फेडता डोक्यावरचे केस गेले. मागल्या जूनमध्ये लातूरकडचा एक पोरगा खोली विचारत आला. लॅबमध्ये कामाला. त्यानं नाव सांगितलं, आडनाव गिळलं. मग भिंतीकडं बघितलं. फोटो दिसला. मग आडनाव बाहेर आलं. तीन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर खोली 'आत्ताच गेली' होती.

बायको म्हणली, "आपलंच लेकरू. त्याच्याकडनं काय कागद लिवून घ्यायचा? बरं दिसंल का?"

मलाही पटलं. अन् खरं सांगतो, मनात दुसरंही होतं. कागद नसला की उद्या काढायला बरं. नोंदणीचा खर्च वाचतो. रात्री झोप लागेना. पन्नास वर्षांपूर्वीच्या मालकाचं वाक्य माझ्या तोंडात येऊन बसलं होतं.

बाबासाहेबांनी १९१३ साली शिष्यवृत्ती घेताना बडोदा संस्थानाशी १० वर्षं नोकरीचा करार केला होता. तो पाळायला १९१७ साली ते बडोद्याला गेले, तर राहायला जागा मिळेना. पारशांच्या सराईत पारशी नाव लावून राहिले. लोक लाठ्या घेऊन आले, तिथनंही निघावं लागलं. करार नोकरीचा होता, डोक्यावरच्या छपराचा नव्हता.

कागदानं जात मरत नाही, हे मला कळतं. पण कागद असला की काढणाऱ्याला चार माणसांत तोंड उघडावं लागतं.

मग कायदा काढून वाचला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी पाहिजे, नोंदलेला पाहिजे, अन् ही जबाबदारी मालकाची. नाही नोंदला तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर ५००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. कागद नसताना वाद झाला तर राहणारा सांगेल त्या अटी खऱ्या, मालक उलटं सिद्ध करीपर्यंत. ११ महिन्यांचा करार नोंदावा लागत नाही, असं आमच्या गल्लीत सगळे छातीठोक सांगतात. ते खोटं आहे.

एजंटानं तयार मसुदा आणला. त्यात एक ओळ : राहणाऱ्याने खोलीत मांसाहार शिजवू नये. म्हणलं, "हे काय?" एजंट म्हणला, "काका, सगळ्यांच्यात असतंय." आत बायको बोंबील भाजत होती. ती ओळ काढायला लावली.

मग पोराला समोर बसवून आमच्या अटी लिहिल्या. महिन्याला ४५०० रुपये. डिपॉझिट १५०००, चावी परत देईल त्याच दिवशी हातात. लाइटबिल सबमीटर दाखवील तेवढंच. सोडायचं असो की सोडवायचं, दोघांनाही एक महिन्याची नोटीस. दर महिन्याला पावती. पंखा एक, ट्यूब एक, लोखंडी खाट एक. मागच्या भिंतीची ओल आधीपासूनची आहे, हेही लिहिलं. नाहीतर जाताना तीच त्याच्या डिपॉझिटातून कापली जाते.

पोरगा म्हणला, "काका, आडनाव पूर्ण लिहायचं का?"

"पूर्ण लिही. ठळक."

शेवटी एजंटानं अंगठ्याचं यंत्र पुढं केलं. माझा हात थांबला. आज्याच्या अंगठ्यावर सावकारानं बैल नेला होता. अंगठा द्यायची पाळी येऊ नये म्हणून बा चाळिशीत सही गिरवायला शिकला. अन् आता सरकारच अंगठा मागतंय. पोराला म्हणलं, "आधी सगळा करार मोठ्यानं वाच." त्यानं पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचला. बायको दारात उभी राहून ऐकत होती. मग आधी माझा अंगठा, मग त्याचा, मग दोन साक्षीदारांचे.

नोंदलेली प्रत आली तेव्हा एक त्याच्या हातात दिली. म्हणलं, "जपून ठेव. उद्या माझ्याविरुद्ध लागली तर कामाला येईल."

पोरगा हसला. मी हसलो नाही.