थळ: पाद्र्याचं पुस्तक, पाद्र्याचा चेंडू

मांडव्याच्या जेट्टीवरून अलिबागकडे निघालेली बहुतेक गर्दी थळला उतरत नाही. चोंढी मागे पडली की नारळी-पोफळी दाट होतात, मधूनच आरसीएफच्या कारखान्याची उंच धुरांडी डोकावतात आणि रस्ता सरळ अलिबागला जातो. थळसाठी मात्र मुख्य रस्ता सोडून समुद्राच्या अंगाला वळावं लागतं. वाडीतली कौलारू घरं, दारातली सुपारी, मग कोळीवाडा. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील टांगलेले, खाली जुन्या जाळ्यांवर जवळा पसरलेला, आणि त्या वासातून पुढे गेलं की एकदम समोर खांदेरी आणि उंदेरी. उंदेरी इतकी जवळ की तटाचे दगड नजरेत भरतात. खांदेरी तिच्या पलीकडे, दोन उंचवट्यांची, एका उंचवट्यावर दीपगृह.

ओहोटी लागली की थळची वाळू ओली आणि घट्ट होते. बैलगाडी गेली तरी चाक रुतत नाही. त्या वाळूवर मुलं फुटबॉल खेळत होती. गोलाच्या खुणेला चपला ठेवलेल्या, सगळे अनवाणी. एक बारीक चणीचा मुलगा चेंडू पायाशी घेऊन निघाला की कुणाला द्यायचंच नाव घेत नसे. तिघांना चुकवून पार पाण्याच्या कडेपर्यंत जायचा, तिथे चेंडू लाटेत अडकायचा आणि बाकीचे ओरडायचे, "अरे पास दे ना, पास!"

त्या मुलाला पाहून मला रॉबर्ट व्हिडाल आठवला. इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या पहिल्या पिढीतला हा खेळाडू पुढे पाद्री झाला. 16 मार्च 1872 रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर एफए कपचा पहिला अंतिम सामना झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि वेस्टमिन्स्टरच्या शाळेत शिकत होता. त्याच्या वॉन्डरर्स संघाने रॉयल इंजिनियर्सचा एका गोलने पराभव केला. तो गोल बेट्सच्या नावावर आहे, पण चेंडू पायात खेळवत तिथवर नेला व्हिडालने. पास देण्याची कला तेव्हा रुजलेली नव्हती. चेंडू मिळाला की पायाला चिकटवून निघायचं आणि जमेल तितक्यांना चुकवायचं, हाच खेळ. व्हिडालला त्याचे समकालीन 'ड्रिबलिंगचा राजपुत्र' म्हणत. एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या पायाला चेंडू लागू न देता त्याने ओळीने तीन गोल केले, असं सांगितलं जातं.

8 मार्च 1873 रोजी तो इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध खेळला. त्या सामन्यात इंग्लंडचा पहिला गोल केला विल्यम केन्यन-स्लेनी याने. अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला तो जगातला पहिलाच गोल, आणि तो करणाऱ्याचा जन्म आपल्याकडचा, राजकोटचा. व्हिडालने 1874 मध्ये ऑक्सफर्डकडून पुन्हा कप जिंकला. मग त्याने दीक्षा घेतली आणि 1881 पासून 1914 साली मरेपर्यंत डेव्हनच्या किनाऱ्याजवळच्या अ‍ॅबट्सहॅम नावाच्या लहानशा गावात धर्मोपदेशक म्हणून आयुष्य काढलं. लग्नं लावली, मुलांना बाप्तिस्मा दिला, म्हाताऱ्यांना माती दिली. मला हे आयुष्य फार सुंदर वाटतं. हजारो माणसांच्या टाळ्या कोवळ्या वयात ऐकून झाल्यावर तेहतीस वर्षं एका खेड्याला देणं सोपं नाही.

व्हिडाल हिंदुस्थानात आला नाही. पण त्याच्यासारख्याच शाळांतून घडलेले पाद्री आले, आणि येताना चेंडू घेऊन आले. खेळाने शरीर घडतं, शरीराबरोबर चारित्र्य घडतं आणि चारित्र्यातून धर्म, ही त्या काळच्या इंग्रजी शाळांची श्रद्धा होती. सेसिल टिंडेल-बिस्को हा त्यांतला सर्वांत जिद्दीचा. 1884 च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत केंब्रिजच्या नावेचं सुकाणू त्याच्या हाती होतं. 1890 च्या अखेरीस तो श्रीनगरच्या मिशन शाळेत आला आणि पुढच्या वर्षी त्याने काश्मिरी पंडितांच्या मुलांसमोर कातडी चेंडू ठेवला. मुलांनी कातड्याला शिवायला साफ नकार दिला. त्याने शिक्षकांच्या मदतीने त्यांना मैदानावर अक्षरशः हाकत नेलं. फेरन घातलेली, कानात बाळ्या असलेली पोरं उभी राहिली. चेंडू एकाच्या तोंडावर आदळला आणि तो बाटलो म्हणून रडू लागला. टिंडेल-बिस्कोने त्याला पाण्यावर नेऊन तोंड धुवायला लावलं आणि खेळ पुढे चालू ठेवला. ही जबरदस्ती होती, आणि आज ती वाचताना त्या रडणाऱ्या मुलाची बाजू मला आधी दिसते. पण त्याच शाळेची मुलं पुढे पुरात आणि आगीत माणसं वाचवायला धावली, हेही तितकंच खरं. टिंडेल-बिस्को 1947 पर्यंत तिथे राहिला. ख्रिस्ती झाले ते अगदी मोजके. फुटबॉल मात्र काश्मीरने कायमचा आपला केला.

माणसं पाहुण्याकडून काय घेतात आणि काय त्याच्याच हाती ठेवतात, हा विचार डोक्यात घेऊन मी नवगावला गेलो. थळला लागूनच हे गाव आहे. आपल्या या किनाऱ्यावर पाद्री आला तो चेंडूच्या आधी साठ वर्षं, आणि त्याच्या हातात पुस्तक होतं.

नवगावच्या किनाऱ्याजवळ बेने इस्रायल या यहुदी समाजाची जुनी दफनभूमी आहे. समाजाची परंपरा सांगते की फार फार पूर्वी, येशूच्याही आधी, त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथे फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेतं गावात पुरली, आणि दफनभूमीतली दोन टेकाडं म्हणजे त्या पूर्वजांच्या समाध्या. आज तिथे डेव्हिडचा तारा कोरलेलं स्मारक उभं आहे. आजूबाजूला झाडी, थडगी, आणि कान दिला तर लाटांचा आवाज. इतिहासकारांनी या कथेच्या काळावर पुष्कळ वाद घातले आहेत. मला त्या टेकाडांपाशी उभं राहून एवढंच जाणवलं की एखादा समाज इतकी शतकं आपल्या बुडालेल्या माणसांची जागा विसरत नाही, तर त्या आठवणीचा मान राखायला हवा.

वाचलेल्यांच्या वंशजांनी घाणा धरला. तेल गाळायचं, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा. म्हणून गावोगाव ते 'शनवार तेली' झाले. गावांची नावं आडनावांत आली: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. धर्मग्रंथ हरवले, हिब्रू विसरली. उरलं काय? मुलाची सुंता, शनिवारची विश्रांती, खवले नसलेली मासळी न खाणं, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. जन्माला, लग्नाला आणि मरणाला तीच एक. ताटातल्या माशाच्या खवल्यावर एका धर्माची ओळख टिकून राहिली, ही गोष्ट कोकणातल्या माणसाला लगेच कळेल.

अशा वेळी जॉन विल्सन आला. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्याच्या नावाने आहे, तोच हा स्कॉटिश मिशनरी. जन्म 1804 चा, स्कॉटलंडमधल्या लॉडर गावचा. 1829 मध्ये पत्नी मार्गारेटसह मुंबईत उतरला आणि मराठी शिकायला थेट कोकणात, हर्णैला गेला. स्कॉटिश मिशनऱ्यांनी त्याआधी बाणकोट-हर्णैकडे शाळा काढल्या होत्या. पुण्या-मुंबईच्या विद्वानांची मराठी कानी पडण्याआधी त्याने हर्णैची मराठी ऐकली, आणि मला वाटतं त्याच्या पुढच्या कामात या गोष्टीचा वाटा मोठा आहे. मार्गारेटने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. 1835 मध्ये ती गेली तेव्हा तिला इथे येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. विल्सनने मोरभट दांडेकरांसारख्या शास्त्र्यांशी जाहीर वाद घातले, पारशी धर्मग्रंथांवर लिहिलं, लेण्यांचा अभ्यास केला. पुढे तो मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि 1870 मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या महासभेचं अध्यक्षपद त्याला मिळालं. 1 डिसेंबर 1875 रोजी तो मुंबईतच वारला.

बेने इस्रायल समाज म्हणजे विल्सनच्या दृष्टीने अनमोल संधी होती. जुन्या कराराचे वारस, मराठी बोलणारे, आणि स्वतःच्या शास्त्राला पारखे झालेले. यांना बायबल वाचता आलं तर ते येशूपर्यंत पोचतील, असा त्याचा हिशेब. 1832 मध्ये त्याने हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीतून सांगणारं पुस्तक काढलं. जरा कल्पना करा. स्कॉटलंडच्या खेड्यात वाढलेला, अजून तिशी न गाठलेला तरुण, तीन वर्षांपूर्वी शिकलेल्या मराठीतून, कोकणच्या तेल्यांना त्यांच्याच पूर्वजांच्या भाषेतला अलेफ-बेथ शिकवतो आहे. अमेरिकन मिशनच्या शाळांतही बेने इस्रायल मुलं होतीच, आणि शिक्षकही होते.

पुढे घडलं ते विल्सनच्या हिशेबापेक्षा फार वेगळं. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं, मराठी बायबल घेतलं, मुलं शाळेत पाठवली, आणि ते अधिक पक्के यहुदी झाले. ख्रिस्ती झालेले फारच थोडे. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 1875 मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली आणि पुढे समाजाचा इतिहास लिहिला. 1880 च्या सुमारास तर जुन्या करारातल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू झाली. टाळ-झांजांच्या साथीवर अब्राहाम आणि मोशे, आणि श्रोत्यांत लुगडं नेसलेल्या बायका. मराठी साहित्याच्या इतिहासात या कीर्तनांना अजून त्यांच्या तोलाची जागा मिळालेली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विल्सन हरला असं मी म्हणणार नाही. त्याने एका समाजाला त्याचं हरवलेलं पुस्तक परत दिलं. देताना त्याच्या मनात दुसरंच होतं, पण घेणाऱ्यांनी काय घ्यायचं ते ठरवलं. व्हिडालची पिढी चेंडू घेऊन आली तेव्हाही असंच झालं. म्हणून मला या दोन प्रकारच्या पाद्र्यांची गोष्ट एकच वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थळहून होडीने खांदेरीला गेलो. होडीवाले काका भरतीचं गणित सांगत होते: पाणी असेपर्यंत धक्क्याला लागता येतं, नाहीतर गुडघाभर पाण्यातून उतरा. 1679 च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना इथे धाडलं आणि किल्ल्याचं काम सुरू झालं. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना परवडणारा नव्हता. त्यांनी जहाजं पाठवली. सप्टेंबरच्या पहिल्याच झटापटीत त्यांचा एक अधिकारी मारला गेला, ऑक्टोबरमध्ये दौलतखानाच्या मराठा आरमाराशी मोठी लढाई झाली. मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या वल्ह्यांच्या जोरावर इंग्रजांच्या जहाजांना चुकवत रसद पोचवत राहिल्या, आणि तट चढत गेला. शेवटी इंग्रजांना वेढा उठवावा लागला. खांदेरी हातची गेलेली पाहून सिद्दीने 1680 च्या सुरुवातीला शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, म्हणून एवढ्याशा समुद्रात हे दोन किल्ले एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत.

बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळ्यांचं फार श्रद्धेचं. एक शिळा आहे, तिच्यावर लहान दगड मारला की भांड्यावर मारल्यासारखा टणत्कार होतो. ठिकठिकाणी मारून तिच्यावर पांढुरक्या वाट्या पडल्या आहेत. लोखंडी चाकांच्या गाड्यावर बसवलेली तोफ अजून जागेवर आहे. आणि 1867 चं दीपगृह. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांसाठी इंग्रजांनी ते उभारलं. ज्याच्यावरून त्यांना एकदा माघार घ्यावी लागली, त्याच बेटावर.

अलिबागला परतल्यावर इस्रायल आळीतलं सिनेगॉग पाहिलं. 1848 मध्ये स्थापन झालेलं, 1910 मध्ये पुन्हा बांधलेलं. 1948 नंतर समाजातली बहुतेक घरं इस्रायलला गेली. तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. अलिबागेत आता थोडीच कुटुंबं उरली आहेत.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात खांदेरी आहे. आता थळच्या किनाऱ्यावर सहलींच्या बस वाढतील, वाढायलाच हव्यात. शिक्षकांना एक विनंती. मुलांना खांदेरी दाखवून परत फिरू नका. नवगाव हाकेच्या अंतरावर आहे. ती दफनभूमी आहे, तेव्हा मुलांना आवाज न करता आत न्या, डोकं झाकायला सांगा, आणि त्या दोन टेकाडांपाशी उभं करून किहीमकर, पेणकर, नवगावकर ही आडनावं मोठ्याने वाचून दाखवा.