मोशी ते मिरज : एका व्हायोलिनसाठी

आमच्या मोशीत सकाळ उजाडते ती कंपनीच्या बसच्या हॉर्नने. पुणे-नाशिक रस्त्यावर एका बाजूला भोसरी, दुसऱ्या बाजूला चाकण. तिसऱ्या पाळीचे लोक उतरतात आणि पहिल्या पाळीचे चढतात. इंद्रायणीच्या काठचं हे गाव आता इमारतींचं झालं आहे. अशाच एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मी चाकणला एका कारखान्यात काम करतो. गाण्या-वाजवण्याशी घरात कुणाचा कधी संबंध आला नव्हता.

माझी धाकटी मुलगी दहा वर्षांची. शाळेत कुणीतरी व्हायोलिन वाजवलेलं तिने ऐकलं आणि दोन महिने तेच एक टुमणं लावलं. अम्मी म्हणाल्या, "शिकू दे, पण नमाज आणि अभ्यास आधी." चार महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे साठवून मी एका दुकानातून व्हायोलिन आणलं. दुकानदार म्हणाला, "मोठंच घ्या, पुढे कामी येईल." मला ते पटलं. मुलांचा गणवेशही आपण वाढत्या अंगाचाच घेतो ना!

महिनाभरात मुलीचा खांदा दुखू लागला. तार लावली की खुंटी फिरून सैल व्हायची. गज ओढला की करकर आवाज यायचा, नाही तर काहीच नाही. एके रात्री ती म्हणाली, "अब्बा, मला जमत नाही. परत करून टाका." पैसे गेल्याचं दुःख होतंच. पण दहाव्या वर्षी मुलीने "मला जमत नाही" हे मनाशी पक्कं करावं, हे मला जास्त लागलं.

माझा एक सहकारी सांगलीकडचा. तो म्हणाला, "मिरजेला जा. तिथे सतारमेकर आहेत. लाकूड आणि तार त्यांच्याइतकी कुणाला कळणार नाही." शनिवारी रात्री पुण्याहून महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली. मिरजेत उतरलो तेव्हा फजरची वेळ होती. नमाज पढून चहा घेतला आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे निघालो.

या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. किराण्यातून आलेला हा गवई मिरजेचा झाला. 1937 साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचं निधन झालं आणि दफन मिरजेत झालं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाण्याची मैफल होते. एवढा मोठा गवई, पण तंबोरा बिघडला तर स्वतः अवजारं घेऊन दुरुस्तीला बसायचा. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती जरा थांबून म्हणाली, "म्हणजे त्यांचंही वाद्य बिघडायचं?"

दर्ग्यापासून चालत सतारमेकर गल्लीत गेलो. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे. संस्थानी लढाया संपल्या, हत्यारांचं काम आटलं. मग एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या घरातल्यांनी तंबोरे, सतारी दुरुस्त करायला घेतल्या, पुढे स्वतः घडवल्या. आडनावच सतारमेकर झालं. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, तूनचं लाकूड आणि या लोकांचे हात, यांतून मिरजेची सतार बनते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

एका दुकानात सत्तरीचे चाचा भोपळ्याला रंधा मारत बसले होते. सलाम केला. पेटी उघडली. चाचा हसून म्हणाले, "मी सतारवाला. व्हायोलिन घडवत नाही. पण लाकूड सगळीकडे लाकूडच असतं. आण इकडे."

आधी त्यांनी मुलीला डावा हात सरळ करायला सांगितला आणि व्हायोलिन तिच्या मानेशी टेकवलं. व्हायोलिनच्या टोकाला जो गोल वळसा असतो, तो तिच्या तळहातात यायला हवा, बोटं त्याच्याभोवती सहज वळायला हवीत. इथे टोक बोटांच्याही पुढे गेलं होतं. "हे मोठ्या माणसाचं आहे. हिला अर्धं किंवा पाऊण मापाचं पाहिजे. खांदा दुखणारच. पोरीचा दोष नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. त्या एका वाक्यासाठी रात्रभरचा प्रवास वसूल झाला.

मग चाचांनी एकेक गोष्ट दाखवली. वरच्या फळीच्या कडेला पाहायचं. लाकडाचे पट्टे कडेवरूनही तसेच पुढे जात असतील तर फळी अखंड लाकडाची. थर दिसले तर प्लायवुड. तारांखालची काळी पट्टी घासल्यावर बोटाला रंग लागला तर ती नुसती रंगवलेली. तारांखालची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. आत एक छोटी काठीही तशीच दाबून बसवलेली असते. म्हणून सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, एक काढली की तिथे दुसरी लावायची.

खुंटी घसरते त्यावर त्यांनी खडूची भुकटी लावली. "अडकली तर कोरड्या साबणाचा हात फिरव. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. तुझी चूक नाही, हवेची आहे." गजाला राळ नीट लागलीच नव्हती, म्हणून आवाज येत नव्हता. वाजवून झालं की गज सैल करायचा, केसांना बोट लावायचं नाही, तारांखाली पडलेली राळ कोरड्या फडक्याने पुसायची. आणि उन्हात बंद गाडीत व्हायोलिन कधी ठेवायचं नाही, सरस सुटतो.

"वाजवायचं मात्र मला विचारू नका," चाचा म्हणाले. "त्याला उस्ताद लागतो." आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून, टोक पायावर टेकवून वाजवतात, तारा बहुतेक सा-प-सा-प अशा लावतात. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी परदेशातून आलेल्या या वाद्याला गळ्यासारखं गायला लावलं. "गुरू आधी शोधा. त्याच्यासोबत जाऊन वाद्य घ्या. तुम्ही उलटं केलंत."

निघताना पैसे विचारले. त्यांनी फक्त खडू आणि राळेचे घेतले. मी मोशीचा म्हटल्यावर म्हणाले, "माझा मुलगा तुमच्याच बाजूला आहे, चाकणला, कंपनीत. पगार बरा आहे. रंधा त्याला नको." राग नव्हता आवाजात. शिकलगारांनी तलवार ठेवून सतार उचलली होती. आता पुढची पिढी सतार ठेवून यंत्रावर उभी आहे. मी स्वतः त्याच यंत्रावर उभा असतो. काय बोलणार?

परत आल्यावर दुकानात गेलो, थोडी घासाघीस झाली, थोडे पैसे सोडले आणि पाऊण मापाचं व्हायोलिन घेतलं. या वेळी शिकवणाऱ्या बाई सोबत होत्या. आता संध्याकाळी मगरीबनंतर अर्धा तास घरात सूर धरला जातो. अजून करकर होतेच. पण परवा खुंटी घसरली तेव्हा मुलगी रडली नाही. उठली, कंपासपेटीतून खडू काढला आणि स्वतःच लावला.