थोरला

थोरल्याला उठायला वेळ लागतो. रिमोटचं लाल बटण दाबलं की खालचा ठिपका लुकलुकतो, कंपनीचं नाव येतं, पडदा काळा होतो, नाव पुन्हा येतं, आणि चित्र उमटेपर्यंत आईची कणीक मळून झालेली असते. त्याला घाई केलेली खपत नाही. मधेच दुसरं बटण दाबलं तर तो दोन्ही हुकूम पोटात ठेवतो आणि थोड्या वेळाने एकदम पाळतो. आवाज वाढतो, चॅनेल बदलतं, आणि बटणं दाबणारा दचकतो. ही खोड घरात सगळ्यांना पाठ आहे. नव्या पाहुण्याला मात्र आधी सांगून ठेवावं लागतं.

'थोरला' हे नाव त्याला अलीकडे पडलं, २०२५च्या नवरात्रात घरात नवा टीव्ही आल्यावर. तोवर तो नुसताच टीव्ही होता. नवा पंचावन्न इंची आणि हा चाळीस, पण घरात थोरपण वयावरून ठरतं. त्यामुळे आकाराने मोठा तो धाकटा आणि लहान तो थोरला, अशी व्यवस्था आपोआप लागली.

तो आला २०१५च्या दिवाळीत, सेक्टर बावीसच्या बाजारातून. चंडीगड वसताना जे सेक्टर सगळ्यांत आधी उभे राहिले त्यांतला हा एक. आज मोबाइल, टीव्ही, त्यांचे सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारे हात असं सगळं त्या एका चौकोनात मिळतं. बाबांची नोकरी सेक्टर तीसमधल्या वैज्ञानिक उपकरणांच्या संस्थेत, सीएसआयओत. दुकानात त्यांनी निरनिराळे टीव्ही बाजूने, खालून, उभं राहून, बसून पाहिले आणि याच्यावर बोट ठेवलं. मधोमध एकच पाय, कडेला बोटभर काळी चौकट, आणि आवाजाचे कर्णे पाठीमागे. हे कर्णे पाठीत असणं त्याच्या स्वभावाचा भागच म्हणायला हवा. भिंतीपासून लांब ठेवलं तर तो पुटपुटतो. आमच्या सरकारी घराच्या विटांच्या भिंतीला टेकवून ठेवलं की मात्र शब्द न् शब्द लख्ख ऐकू येतो.

आमच्या घरात या यंत्राला एवढा मान का, हे चंडीगडमध्ये वाढलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही. इथे शेजार पंजाबीत बोलतो, शाळा आणि बाजार हिंदीत चालतात. वर्षातून एकदा सेक्टर एकोणीसच्या महाराष्ट्र भवनात गणपती बसतो तेव्हा चार घरांचं मराठी एकत्र कानावर पडतं. एरवी ते घरातल्या माणसांपुरतंच. ऐंशीच्या दशकात इथे दूरदर्शनचं जालंधर केंद्र पंजाबीतून आणि दिल्ली हिंदीतून बोलायची. मराठीसाठी रविवार दुपारच्या प्रादेशिक चित्रपटात आपल्या भाषेची पाळी कधी येते याची वाट बघायची. १५ ऑगस्ट १९९४ला दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावरून सुरू झाली, १९९९मध्ये अल्फा मराठी आली, तेव्हा कुठे दिल्लीपलीकडच्या घरांत रोजचं मराठी शिरलं. थोरल्याने पुढचं पाऊल टाकलं. जे हवं ते, हवं तेव्हा. कीर्तन, जुनी नाटकं, भुलाबाईची गाणी, कोल्हापूरच्या कोणा बाईंनी दाखवलेला तांबडा रस्सा. ज्या दिवशी आजीने साताऱ्याहून इथे मुक्काम हलवला त्या दिवसापासून तिची आणि त्याची जोडी जमली.

त्याच्याशी बोलणं सोपं नव्हतं. त्याच्या रिमोटला माइक नव्हता. पडद्यावर रोमन अक्षरांची पाटी उमटायची आणि रिमोटच्या बाणांनी एकेका अक्षरापर्यंत चालत जायचं. 'हरिपाठ' लिहायचं तर आधी खाली, मग उजवीकडे, मग पुन्हा पार डावीकडे. एक अक्षर चुकलं की मागे. आजीला रोमन अक्षरं जेमतेम येतात, पण कोणत्या शब्दाला बाण कुठे कुठे न्यायचा हे तिच्या बोटांना पाठ झालं होतं. तोंडाने अभंग आणि बोटाने बाण, असं तिचं दोन्ही एकदम चालायचं.

२०२०च्या मार्चमध्ये चंडीगडला संचारबंदी लागली आणि याच्यावर सगळ्या घराचा भार पडला. २८ मार्चपासून दूरदर्शनने जुनं 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं. सकाळी ते, मग भावाची शाळा, दुपारी आईचे योगासनांचे वर्ग, रात्री बातम्या. बंद पडायची त्याला उसंतच नव्हती. त्या वर्षी वारी पायी निघाली नाही. पालख्या आळंदी आणि देहूतच राहिल्या आणि आषाढीच्या आदल्या दिवशी संतांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या. फुलांनी सजवलेली ती बस आजीने याच्याच पडद्यावर पाहिली. बस पडद्यावर आली तशी ती उठून उभी राहिली आणि नजरेआड होईपर्यंत हात जोडून उभीच राहिली. वस्तूवर जीव जडतो तो अशा दिवसांमुळे, आणि तो जडू द्यावा असं मला वाटतं.

मग त्याला जग ओळखेनासं झालं. मी हे मुद्दाम असं म्हणते, कारण तो स्वतः ठणठणीत होता. चित्र तेच, रंग तेच, आवाज तोच. फक्त एकेक ॲप उघडेना. 'नेटवर्क तपासा' असं तो सांगायचा, आणि नेटवर्क तर घरभर नीट चालू. हे दुखणं त्याच्या एकट्याचं नव्हतं. एप्रिल २०१५मध्ये यूट्यूबने जुनी पद्धत बंद केली तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या कितीतरी टीव्हींवरचं यूट्यूब गेलं. डिसेंबर २०१९मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या टीव्हींची साथ सोडली. ३० सप्टेंबर २०२१चा प्रसंग तर फारच बोलका आहे. इंटरनेटवरचं प्रत्येक ठिकाण आपलं ओळखपत्र दाखवतं, आणि त्यावर सही कोणाची चालेल याची यादी टीव्हीच्या पोटात कारखान्यातच भरलेली असते. त्या यादीतल्या, लाखो संकेतस्थळं ज्याच्यावर विसंबून होती अशा एका मूळ सहीची मुदत त्या दिवशी संपली. ज्या यंत्रांना नवी यादी मिळत होती त्यांना काही कळलंही नाही. ज्यांना कंपनीने अपडेट देणं थांबवलं होतं त्यांच्यासाठी ओळखीची दारं एका रात्रीत परकी झाली.

बाबांना याचा संताप येई, आणि तो रास्तच होता. पडदा पंधरा वर्षं टिकेल असा बनवायचा आणि त्याच्या मेंदूला चार-पाच वर्षांत वाऱ्यावर सोडायचं, हा कुठला न्याय? युरोपीय संघाने १ मार्च २०२१पासून नियम लागू केला आहे. एखाद्या टीव्हीचा शेवटचा नग बाजारात आल्यावर निदान आठ वर्षं त्याला सुरक्षेचे अपडेट मिळाले पाहिजेत आणि सुटे भाग निदान सात वर्षं मिळाले पाहिजेत. असा नियम आपल्याकडेही हवा. खोक्यावर वॉरंटीची मुदत असते, विजेचे तारे असतात. तिथेच 'अमुक सालापर्यंत अपडेट' एवढी एक ओळ छापली, तर घेणाऱ्याला कळेल की तो काय घेतो आहे.

थोरल्यावर इलाज सापडला तो बोटभर लांबीचा. पाठीमागच्या एचडीएमआयच्या खाचेत एक स्टिक बसवली. ही फायर स्टिक भारतात २०१७ साली आली. विचार करायचं काम तिने अंगावर घेतलं आणि थोरल्याकडे फक्त दाखवायचं राहिलं. तो पुन्हा तरतरीत झाला. यातून घरात एक गोष्ट पक्की झाली आणि ती मी भेटेल त्याला सांगते: टीव्ही घेताना पडदा पाहून घ्यावा. अक्कल बाहेरून जोडता येते आणि जुनी झाली की बदलताही येते. एकच उणीव राहिली. इंटरनेटवरून येणारा सामना केबलपेक्षा थोडा मागे चालतो. २९ जून २०२४च्या रात्री विश्वचषकाच्या शेवटच्या षटकात शेजारच्या गच्चीवरून जल्लोष उठला, तेव्हा आमच्याकडे मिलरने अजून फटका मारलाही नव्हता. सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला तो झेल आम्ही काय होणार हे ठाऊक असताना पाहिला, आणि तरीही सगळे श्वास रोखून बसलो होतो.

त्यानंतर एका संध्याकाळी चित्र गेलं. आवाज चालू, पडदा काळा. बाबांनी खोलीतला दिवा मालवला आणि टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरला. त्या उजेडाच्या गोलात बातम्या सांगणारी बाई दिसली. फिकट, करडी, पण ओठ हलत होते. चित्र सगळं जागेवर होतं, त्यामागचा उजेड तेवढा गेला होता. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं म्हणजे एलसीडीच असतो. समोरची काच चित्र घडवते, पण तिला स्वतःचा उजेड नसतो. तो मागच्या दिव्यांच्या पट्ट्यांमधून येतो.

सेक्टर बावीसमधल्या मेकॅनिकने त्याला मऊ कापडावर पालथा निजवला आणि एकेक थर उतरवला. मागचं झाकण, मग काच, जी त्याने दोन्ही हातांनी दोन बाजूंनी धरून उचलली, मग दुधी रंगाचे पातळ कागद. तळाशी पट्ट्या दिसल्या, प्रत्येक दिव्यावर थेंबाएवढं भिंग. दिवे एकामागे एक एकाच माळेत असतात. माळेतला एक विझला की वीज पुढे जात नाही आणि यंत्र सगळेच दिवे बंद करतं. "पॅनल बिलकुल ठीक है जी," तो म्हणाला. "बस, लाइट हमेशा फुल पे रखी थी." कारखान्यातून येताना मागचा उजेड चढा ठेवलेला असतो, दुकानाच्या झगमगाटात चित्र उठून दिसावं म्हणून. घरात त्याच्या निम्म्याने भागतं आणि दिवे कितीतरी जास्त टिकतात. नव्या पट्ट्या बसल्यावर बाबांनी पहिलं काम केलं ते उजेड उतरवायचं.

तरीही धाकटा आणावा लागला. बाबांना सोफ्यावरून खालची उपशीर्षकं वाचता येईनात, आणि आजीचं कीर्तन व भावाचं क्रिकेट एकाच वेळी सुरू व्हायचं. २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्याच दिवशी, ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि बाजारात पाय ठेवायला जागा उरली नाही. धाकट्याच्या पडद्यावर ८३ लाख ठिपके, थोरल्यावर २१ लाखांच्या आतबाहेर. झाडाचं पान न् पान वेगळं दिसतं हे खरं. पण त्याला दोन पाय, आणि तेही दोन टोकांना. थोरल्याच्या कपाटावर तो मावेना. सुतार बोलवावा लागला.

पहिल्याच दिवशी धाकट्याने प्रश्नांची रांग लावली. तुम्ही काय पाहता याची नोंद ठेवू का, जाहिरातींसाठी वापरू का, आवाज ऐकू का. आजकालचे पुष्कळ टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे तुकडे टिपून घरात काय चाललं आहे ते ओळखतात. असं न विचारता केल्याबद्दल अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला फेब्रुवारी २०१७मध्ये २२ लाख डॉलर मोजावे लागले. बाबांनी प्रत्येक प्रश्न चष्मा चढवून वाचला आणि जिथे नाही म्हणता येत होतं तिथे नाही म्हटलं. थोरल्याने इतक्या वर्षांत आमच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्याचं तोंड आमच्याकडे होतं, नजर नव्हती.

दुकानदार थोरल्याला एक्सचेंजमध्ये घ्यायला तयार होता, पण सांगितलेली रक्कम ऐकून आईने विषय मिटवला. या गावात नेकचंद नावाच्या रस्ते निरीक्षकाने फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि विजेचे टाकाऊ सॉकेट गोळा करून अख्खं रॉक गार्डन उभं केलं. १९७६ साली ते सगळ्यांसाठी उघडलं. इथे वाढलेल्या माणसाचा हात मोडीत काढताना थांबतो. चालू टीव्ही तर मोडीत देऊच नये. खरोखर मेला तर २०२२च्या ई-कचरा नियमांप्रमाणे, जे १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्यावा. गल्लीतल्या हातगाडीवर तो जाऊ नये. तिथे तांब्यासाठी तारा जाळतात आणि तो धूर कोणाच्या तरी लेकराच्या छातीत जातो.

थोरला आता आजीच्या खोलीत आहे. बाबांनी त्याच्यातून वायफायचा पासवर्ड काढून टाकला. अपडेट मिळत नसलेलं यंत्र इंटरनेटवर उघडं ठेवू नये हा त्यांचा दंडक. स्टिक धाकट्याच्या मेंदूमुळे रिकामी झाली होती, ती भाऊ वसतिगृहावर घेऊन गेला. गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री लावली, जिला महिन्याचे पैसे पडत नाहीत, आणि सह्याद्री वाहिनी थोरल्यावर लावून दिली. आजीला आता अक्षरांपर्यंत बाण न्यावा लागत नाही. जे लागेल ते ती बघते आणि आवडलं नाही तर मोठ्याने सांगते.

दुपारी शेजारच्या बीजी येतात. बीजींना मराठी येत नाही, आजीला पंजाबी जेमतेम. एकदा कीर्तनकाराने नामदेवांचं नाव घेतलं तशा बीजी सरळ होऊन बसल्या. "ए तां साड्डे भगत नामदेव जी ने!" गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे, हे बीजींना लहानपणापासून माहीत. आजीने त्यांना २०१५च्या एप्रिलमध्ये त्याच घुमानला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाची हकीकत हिंदीतून सांगितली. तेव्हापासून कीर्तनाची वेळ दोघींची ठरलेली असते. दोघींनाही कमी ऐकू येतं, थोरला भिंतीला टेकलेला असतो, आणि बैठकीत सामना बघायचा तर आम्हाला आजीच्या खोलीचं दार लोटून घ्यावं लागतं.